दोरखंडाचा भाव

गुरुवारी रात्री आम्ही म्हापशात खेळतो,
कोल्ड स्टोरेजच्या वरच्या मजल्यावर.
खाली कॉम्प्रेसर घुरघुरतो,
वर माझा ड्रॅगन त्याच आवाजात झोपतो.

खेळ मी चालवतो. म्हणजे राजा मी, गटार मी,
धुकं मी, धुक्यातला टोलवाला मी.
आणि दुकानदार. आजवरचे सगळे दुकानदार मीच,
सगळे एकाच तोंडाचे:
दोरखंड, दहा मोहरा. कंदील, पाच.
घासाघीस करायचीय? टाक फासा.
वीस बाजू. पंधराच्या वर पडला
तर दोन मोहरा कमी. चला पुढे.

पुढे गुहा असते. गुहेसाठीच तर फ्लोरियान
शिवोलीहून स्कूटर मारत येतो,
कुऱ्हाडीचं बारसं केलेला माणूस.

त्या रात्री सुलक्षाने फासा उचललाच नाही.
कागदावर ती चोर, पातळी तीन,
बोलण्याच्या रकान्यात उणे एक.
म्हणाली, "काय हो, जेवलात?"

मी यादी पाहिली. यादीत जेवण नव्हतं.
"नाही," म्हणालो.
"का? घरी कोण नाही?"

आता ज्या माणसाला अर्ध्या मिनिटापूर्वी
पायसुद्धा नव्हते, त्याला बायको आली.
बायकोला माहेर आलं, माहेर नदीपलीकडे,
आणि नदीवर तो दोराचा पूल,
जो आम्हीच मागच्या महिन्यात जाळला होता.

कुणी काही बोललं नाही.

सुलक्षाने हवेतला दोर हातात घेतला,
टोक नखाने उसवून पाहिलं, वास घेतला.
"ओला आहे. सहा."
"नऊ. पूल जळला, बाई, पीळ गेलेला नाही."
"मधे गाठ आहे. गाठीचे पैसे मी का देऊ?"
"गाठ नव्हे. माप आहे ते. माझ्या बापाच्या हाताचं."
(हा बाप कुठून आला, देव जाणे.)

"पंचवीस मिनिटं! एका दोरीला!"
फ्लोरियान उठून चोरीस तळायला गेला.
शांबाने स्वतःला आमचं खेचर घोषित केलं
आणि घरी जायचंय म्हणून खिंकाळू लागला.

मग ती उठली. खरोखरची.
खुर्ची मागे, चपला पायात,
जिन्याची एक पायरी, दोन.
माझ्या तीनशे पानी नियमपुस्तकात
चपलांच्या आवाजाबद्दल एक ओळ नाही.
तीन.

आणि माझ्या गळ्यातून
शुक्रवारच्या बाजारातली कुठलीशी बाई ओरडली:
"ए बाय! यो गो यो! आठ दी, आनी व्हर!"

ती आली. आठ मोजले.
स्वयंपाकघरातून तोंडात घास घेऊन फ्लोरियान आला,
तेलकट बोटांनी स्वतःच्या कागदावरच्या
दोन मोहरा खोडल्या. "पुलाचे," म्हणाला.
पूल त्याच्याच कुऱ्हाडीने,
म्हणजे आधी कुऱ्हाडीने आणि मग मशालीने, गेला होता.
गुहा राहिली. ड्रॅगन झोपूनच राहिला.

सकाळी बाजारात गेलो. सुलक्षाची आई
हरमलच्या मिरच्यांमागे बसलेली,
सुती पदर डोक्यावर, हिशेब ओठांवर.
"केवढ्याला?"
"दोनशे."
खिशात फासा होता. चाचपला.
दुसरं काहीच सुचेना म्हणून विचारलं, "जेवलात?"

सकाळचे आठ वाजले होते.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली,
शेजारची केळीवालीही, कशाला ते न कळता.
"दोरीवालो तूंच मरे?
तिसऱ्या पायरीवर हाक मारलीस म्हणे.
अरे, पाचवीपर्यंत थांबायचं.
कोण जात नसतं. जिना संपेपर्यंत तर नाहीच."

दोनशे दिले, सुटे. भवानी होती तिची,
नोट तिने डोळ्यांना लावली
आणि पिशवी बांधता बांधता
वर आणखी एक मूठ टाकली, न मागता.

घरी येऊन यादी उघडली.
दोरखंडासमोरचा दहा खोडला.
तिथे काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.
तूर्त लिहिलंय: बायको माहेरी. जेवलेला नाही.